हॅझलचा चढ

४ मे १८६९
पुन्हा अर्ध्यावर! हॅझलच्या चढावर आमची वाफेची गाडी धापा टाकत थांबली. मग दोरखंड, मग गॉफचे दोन घोडे, मग हसणारी माणसं. गॉफची बायको म्हणाली, "हेस्टर, आमच्या घोड्यांनाही आता कोळसाच घालू का गं?"

इनॉक, माझा नवरा, घरी आल्यावर म्हणाला, "धाव घेतल्याशिवाय हा चढ चढायचा नाही. आणि धाव घेऊ कशी? पुढे तू."

पुढे मी. कायदाच तसा – वाफेच्या गाडीवर दोन माणसं, आणि तिसरं लाल निशाण घेऊन साठ यार्ड पुढे, पायी. मी चालेन तेवढाच गाडीचा वेग.

७ मे
जोसाया – माझा भाऊ. गाडीवर कोळसा तोच घालतो. शेड त्याची, बॉयलर त्याचा. जेवताना म्हणाला, "पुढच्या शनिवारपर्यंत चढली तर तुमची. नाहीतर बॉयलर काढून माझ्या लाकडाच्या गिरणीला लावतो."

इनॉकनं हातातला पाव खाली ठेवला. "कायदा नसता तर केव्हाच चढली असती!"

"हं. नसता तर," जोसाया म्हणाला आणि चीज कापत राहिला.

९ मे, रविवार
प्रवचनात लक्ष नव्हतं. सगळ्या गावानं गाडी चालताना पाहिली आहे, मी सोडून. माझ्या वाट्याला फक्त आवाज, पाठीमागून येणारा. वाफ कमी पडली, इनॉकनं दांडा ओढला – पाठीला सगळं कळतं. पण गाडी हाकताना त्याचा चेहरा कसा दिसतो?

११ मे
पाऊस. गाडी काढली नाही. इनॉक दिवसभर शीळ घालत होता.

१३ मे
ठरवून केलं. पहाटेची वेळ, रस्त्यावर चिटपाखरू नाही. चढाच्या अलीकडच्या सपाटीवर मी निशाण गुंडाळलं आणि कुंपणाला टेकून उभी राहिले. ओरडले – "जा! रस्ता मोकळा आहे!"

गाडी जवळ आली. चेहरा दिसला.

पांढराफटक. दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरलेला. ओठ हलत होते. माझ्यासमोर येऊन त्यानं गाडी थांबवली.

"पुढे हो, हेस्टर."

"अरे, कोणी बघत नाहीये!"

"पुढे हो म्हणतो ना!"

मी पुढे झाले. चढापर्यंत न जाता परत आलो. नंतर शेडमध्ये जोसाया हळूच म्हणाला, "मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे, बाई. मी त्याच्या शेजारी असतो. तू पुढे."

राग आला नाही. त्या बॉयलरचा एकेक रिव्हेट इनॉकनं ठोकला आहे. आत काय कोंडलं आहे, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक? आम्ही बाकीचे धीट, कारण आम्हाला कमी कळतं. पण मग इतके महिने कायद्याला शिव्या देत होता, त्या कोणाला ऐकवायला? मला की स्वतःला?

१४ मे
चहा घेताना इनॉकच म्हणाला, "तुला दिसलं."

"दिसलं."

तो कप फिरवू लागला. मी म्हटलं, "दांडा माझ्याकडे दे."

हसला. मग हसू थांबलं. "पोलीस शिपायाच्या देखत धाव घेणार? दोघांना आत टाकतील."

"टाकू देत."

दुपारी त्यानं मला दांडा, ब्रेक, पाण्याची नळी दाखवली. फार काही सांगावं लागलं नाही.

१५ मे
सगळं गाव चढाशी जमलं होतं. इनॉक निशाण घेऊन पुढे. जोसायानं भट्टी भरली. सपाटीवर मी ओरडले, "इनॉक, बाजूला हो!"

झाला.

वर पोचले तेव्हा पुढे कोणीच नव्हतं.