शमीमचा आठवा हिस्सा

मंगळवार, दिवेलागण

शमीमचा हेवा वाटतोय, इथे तरी कबूल करते. शेजारीण माझी, माझ्यासारखीच विधवा. नवऱ्याच्या नवी पेठेतल्या दुकानात शरियतप्रमाणे तिला आठवा हिस्सा मिळाला. कोर्टही तोच मानतं म्हणे. पण कोर्टापर्यंत गेलंच नाही. मौलानांनी वाटे वाचले, दिराने मान डोलावली, झालं.

"आठवाच की गं," मी म्हणाले. "आमच्या कायद्यात घरातल्या ह्यांच्या वाट्याचा अर्धा मला, अर्धा लेकीला. पुस्तकात वाचलंय मी."

"मग कुटं हाय तुमचा अर्धा, ताई?" ती हसली. "माझ्या दिराला कोर्टाची न्हाय, अल्लाची भीती हाय."

ह्यांचं तेरावं झालं आणि भाऊजी म्हणाले, "वहिनी, घर एक राहू दे." मी हक्कसोडपत्रावर सही केली. चांगली म्हणवून घ्यायला. आठवा घेऊन शमीम काय वाईट झाली? सासरी अजून तिच्याच हातचा चहा लागतो सगळ्यांना.

हे असते तर... जाऊ दे.

आता लेक, नंदा, अठराची झाली. रविवारी भाऊजी तसल्याच कागदावर तिच्या सहीसाठी येतायत. लाडाने पेढेही आणतील. पेढे ठेवून घेईन. सही मिळणार नाही.