मी वाफेला जात नाही

१२ ऑगस्ट
आजही वाफेला गेलो नाही. मॉक्सी दारातून ओरडला, "काय रे एव्हन, नवरी झालास का? लाजतोस कसला!" आतेभाऊ तो, चिडवायचा हक्कच आहे त्याला. सगळे हसले, मीही हसलो. गावातले सगळे पुरुष वाफेच्या खोलीत उघडे बसतात, तापल्या दगडांवर पाणी मारतात, गप्पा हाणतात. आणि मी घरात बादलीत फडकं बुडवून अंग पुसतो! गेलो नाही त्याला चौदा महिने झाले. दोन्ही अंडांत गाठी आहेत. बसलो तर दिसतीलच.

१९ ऑगस्ट
मासळीच्या कारखान्यात कामाला शहरात गेलो होतो, तिथूनच परस्पर इस्पितळात गेलो. घरी कुणाला सांगितलं नाही. सर्जन म्हणाला, "दोन्हीकडे आहेत. कॅन्सरच असावा. दोन्ही काढू." तारीख ११ सप्टेंबर.
फॉर्मवर विचारलं होतं — जुना आजार? रोजची औषधं? दोन्हींपुढे 'नाही' लिहिलं. खरंच नाही. जन्मापासूनच्या गोळ्या काय आजाराच्या थोड्याच! अंगात मीठ टिकत नाही म्हणून घ्यायच्या. आम्हा बर्फाळ मुलखातल्या युपिक लोकांत असे बरेच असतात, एवढ्याशा आमच्या गावात चौघे गोळीवाले. जेवणासारखंच ते.

२० ऑगस्ट
सव्वीस वर्षांचा आहे मी. मूल होणार नाही. कुणाशी बोलू?

२८ ऑगस्ट
आई सामन मासे चिरून वाळत घालत होती. मान वर न करता म्हणाली, "गोळ्या घेतोयस ना रे?" "घेतो गं." खोटं! नदीत मासे चढायचा हंगाम असताना कोण लक्षात ठेवतं? दर उन्हाळ्यात तीनच्या जागी एकच घेतो. आता आईजवळ बसवतही नाही. उठलो आणि उगीच होडी पुसत बसलो.

७ सप्टेंबर
सगळे मूस हरणांच्या शिकारीला गेले. म्हटलं, कापाकापीआधी एकदा वाफ घेऊ. दार उघडलं तर आत वास्का मामा! आईचा भाऊ, साठीचा, बिनलग्नाचा. तो नेहमी एकटाच वाफ घेतो, गाव त्याला तऱ्हेवाईक म्हणतं. मी मागे फिरलो. "ये की आत, वाफ जातेय!" टॉवेल गच्च धरून बसलो. टॉवेल जरासा सरकला तेवढ्यात मामाने पाहिलं. त्याने आपला टॉवेल बाजूला केला. खाली रिकामी कातडी.
"बावीस वर्षांचा होतो. कॅन्सर म्हणाले. काढल्यावर कळलं, नव्हताच! आपण गोळीवाले, गोळ्या कमी पडल्या की अशा गाठी येतात. गोळ्या नीट घेतल्या की पुष्कळदा बसतात. मी गोळ्यांचं बोललोच नव्हतो. तू सांगितलंस?"
"नाही."
"गाढवा! उद्या सकाळी फोन कर."

८ सप्टेंबर
फोन केला. गोळ्यांचं सगळं सांगितलं. सर्जन म्हणाला, "चाकू लावायचा नाही. आधी गोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवू." धावत जाऊन मामाला सांगितलं. "बरं झालं," म्हणाला, आणि भिंतीकडे तोंड करून रडला. अडतीस वर्षांत त्याने हे कुणालाच सांगितलं नव्हतं.