मला ताप आला नव्हता

१४ मार्च, दुपारचे तीन

प्रिय दादा,

तुझ्या दुकानाला सील लागल्यापासून सव्वा वर्षात तुला ना एक ओळ लिहिली, ना फोन केला. त्याची आधी माफी मागते. बसच्या पाच थांब्यांवर राहणाऱ्या भावाला बहीण पत्र लिहिते म्हणून तू हसशील. पण समोर आले असते तर पाणी पिऊन, वहिनीशी गप्पा मारून, मुद्द्याचं काहीच न बोलता परतले असते. एवढी मी मला ओळखते.

तुझी पाठ कशी आहे? कंपनीच्या दुरुस्ती विभागात दिवसभर उभं राहावं लागतं असं कळलं. गणवेशही दिलाय म्हणे. तीस वर्षं स्वतःच्या स्टुलावर बसून पंखे, इस्त्र्या, मिक्सर उघडणारा तू, आता एक स्क्रू काढायचा तरी आधी फॉर्म भरतोस.

मी ठीक आहे. वाचनालयात देवघेवीच्या टेबलाशी बसून लिहितेय. उद्या आमच्याच वाचनकक्षात मतदान आहे, म्हणून आज अर्धा दिवस. लांब टेबलं भिंतीला सरकवली आहेत आणि मत देण्याचे पुठ्ठ्याचे आडोसे नेमके शब्दकोशांच्या कपाटासमोर आलेत. शिपाई मघाशी म्हणाला, "बाई, आता लोक अर्थ बघूनच शिक्का मारतील."

परवा वहिनी पुस्तकं बदलायला आली होती. म्हणाली, "तुझा भाऊ मतदानाच्या दिवशी दुकानाच्या पायरीवर बसणार आहे. शटरला सील आणि हा बाहेर बुद्धिबळाचा पट मांडून."

"कशासाठी?"

"तुझी वाट बघायला, दुसरं काय! मी म्हटलं, अहो, ज्यानं दुकान बंद केलं तोच परत उभा आहे, जा आणि पाडा त्याला. तर म्हणतात कसे, ठमीशी ठरलंय. ती जात नाही, मी जात नाही." मग पिशवीत पुस्तकं कोंबत म्हणाली, "तुम्ही दोघं तत्त्वापायी उपाशी मराल आणि वर ढेकर द्याल!"

मी हसले. ती गेल्यावर तीन पुस्तकांवर चुकीच्या तारखेचा शिक्का मारला.

आपला तो करार मला शब्दन् शब्द आठवतो. माणूस दुसऱ्याला इजा करत नाही तोवर सरकारनं त्याला हात लावू नये, एवढंच आपण मानतो, आणि एवढंच मानणारा उमेदवार कधी उभा राहत नाही. तुला धंद्यावरची बंधनं जास्त खुपतात, मला माणसांवरचा पहारा. म्हणजे गेलोच असतो तर तू धंदा मोकळा ठेवू म्हणणाऱ्या त्या टाळीवाल्या उमेदवाराला दिलं असतंस, मी पहारा नको म्हणणाऱ्या चष्मेवाल्याला, आणि दोन्ही मतं एकमेकांना खाऊन टाकणार. त्यापेक्षा शटर अर्धं ओढून दिवसभर बुद्धिबळ खेळू, असं तूच सुचवलंस. "आपला पक्ष दोघांचा," तू म्हणायचास, "त्यातही फूट!" सलग चार निवडणुका आपण अशाच काढल्या.

पाचव्या वेळी मी फोन करून सांगितलं, ताप आहे, येत नाही.

मला ताप आला नव्हता, दादा. मी मत द्यायला गेले होते.

त्या महिन्यात टाळीवाला सभेत बोलला होता की वाचनालयांनी कोण काय वाचतं त्याच्या याद्या दर महिन्याला पोलीस चौकीत द्याव्यात. ती यादी म्हणजे माझ्या टेबलाच्या खणातली वही. मी चष्मेवाल्याला मत दिलं. संध्याकाळी तू हीटर घेऊन आलास, नुकताच दुरुस्त केलेला. "थंडी वाजत असेल," म्हणालास. दिवसभर एकटाच दोन्ही बाजूंनी खेळलो, असंही सांगितलंस. मी पांघरुणाखालून डावा हात काढलाच नाही. बोटावर शाई होती.

चष्मेवाला एकोणीस मतांनी आला. यादीबद्दलचा शब्द त्यानं पाळला. आणि मग नियम आणला की पदविका नसलेल्यानं स्वतःच्या दुकानात विजेची वस्तू दुरुस्त करायची नाही. माझी वही खणात राहिली, तुझं दुकान गेलं.

एकोणीसमधलं माझं एक. माझ्या मतानं काही घडलं नाही, हे खरं आहे आणि त्याचा मला काडीचा उपयोग झालेला नाही.

तरीही ऐक. उद्या मी परत मत देणार आहे, आणि परत त्यालाच.

मत म्हणजे सही, असं आपण मानत आलो. ज्याला दिलं त्याच्या प्रत्येक कृत्यावर आपली सही. म्हणून स्वच्छ राहायचं तर लेखणीच उचलायची नाही. मला ते आता पटत नाही. दोघांपैकी एक जण आपल्या घरात शिरणार हे ठरलेलंच आहे. त्यातला एक मी दाराशी अडवला, तर दुसऱ्याला आमंत्रण दिलं असं होत नाही. गेल्या आठवड्यात चष्मेवाला इथे प्रचाराला आला, तेव्हा तोंडावर सांगितलं, "मागच्या वेळी तुम्हाला मत दिलं, याही वेळी देईन, आणि दुसऱ्या दिवसापासून तुमच्या पदविकेच्या नियमाविरुद्ध सह्या गोळा करीन." तो चष्मा पुसत राहिला. "मग मत देता कशाला, बाई?" म्हटलं, "ते तुमचं कौतुक नाही. तुमच्याशी भांडता येतं, म्हणून."

माझा न्याय असा की सील काढता येतं; यादी एकदा चौकीत गेली की परत येत नाही. पण तू अठ्ठावन्नचा आहेस. सील निघेपर्यंतची तुझी वर्षं मी कुठून आणून देणार? आणि हा न्याय मला नेमका माझ्याच टेबलाच्या सोयीचा कसा सुचला? यावर डायरीत तीन पानं खरडली. उत्तर सापडलं नाही, मतही बदललं नाही. जिचे हात स्वच्छ आहेत आणि वही चौकीत गेल्यानं खण रिकामा आहे, अशी बहीण मला व्हायचं नाही.

मत दिल्याची मला लाज नाही. तुला न सांगता दिलं, याची आहे. दुसऱ्याच्या मर्जीशिवाय त्याचं काही घ्यायचं नाही, हीच आपली सगळी पोथी. आणि मी तापाचं खोटं सांगून तुझं मत घेतलं. तू दुकानात पट मांडून बसलास, माझ्या शब्दावर.

म्हणून यावेळी आधी सांगते. करार मी मोडतेय. तू मोकळा आहेस. जा आणि माझं मत खोडून टाक. टाळीवाल्याला दे, कोरी मतपत्रिका टाक, नाहीतर घरी झोपून राहा, पण तुझ्या मर्जीनं.

मत देऊन मी दुकानाच्या पायरीशी येईन. डावा हात बाहेर असेल. पट मांडलेला दिसला तर बसेन. आवरलेला दिसला तर हीटर पायरीवर ठेवून जाईन.

तुझ्या पाठीला जप.

करार मोडणारी, पण तुझीच,
ठमी

ता. क. रोजच्या डायरीच्या पानाखाली उद्याचं एक काम लिहायची माझी सवय तुला ठाऊक आहे. आजचं इथेच लिहिते.

उद्या: मतदान सुरू होण्याआधी हे पाकीट दादाच्या हातात देणे. वहिनीच्या नाही, दादाच्या.