सहा डेसिबलची शांतता

३ मार्च
लग्नानंतरची आमची पहिली खोली विमानतळाच्या मागे होती. विमान गेलं की दोघंही वाक्य अर्धवट सोडायचो. आवाज विरला की तिथूनच पुढे. चहा निवायचा, भांडण ताजं राहायचं. तेव्हाच नवऱ्याला म्हटलं होतं, बघ, हा आवाज मीच कमी करीन.
आज केला. कॉम्प्युटरवर इंजिनाच्या नळकांड्याच्या कडेला दाते पाडले आणि आवाज सहा डेसिबल खाली! खऱ्या चाचणीत हे दिसलं की साहेब दोन वर्षांची मुदतवाढ देणार. नाहीतर तीस एप्रिलला निवृत्ती. तो प्रश्नच येत नाही.

५ मार्च
जाळीवाल्याच्या पोटात दुखलं. कॉम्प्युटरवरच्या मॉडेलसाठी हवेचे चौकोन आखणं, एवढंच त्याचं काम. म्हणाला, बाई, घाईपायी दात्यांमागची जाळी तुम्ही विरळ करायला लावलीत. किरट्या आवाजाची लाट बारीक असते, मोठ्या चौकोनात हरवते. आवाज कमी नाही झाला, मॉडेलला ऐकू येत नाहीये.
म्हटलं, नाचता येईना अंगण वाकडं. म्हणाला, अंगण मीच आखतो, म्हणून तर सांगतोय.
उद्धट.

११ मार्च
नवरा हल्ली पुटपुटतो. दातांचा दोष असावा. दंतवैद्याची वेळ घेऊन दिली.

१९ मार्च
दात उत्तम निघाले. म्हणजे आळस. शाळेत सिस्टर म्हणायच्या, पुटपुटणाऱ्याचं देवही ऐकत नाही. लेकीनं नवी बेल बसवली, तीही बिघडलेली. माणसं दारातून परत जातात आणि माझ्यावर रुसतात.
संकल्प: उद्यापासून जाळीवाल्याशी गोड बोलायचं.

२० मार्च
नाही जमलं.

१६ एप्रिल
चाचणी. वीतभर दातेरी नमुन्यातून हवा सोडली. काचेमागे मी डोळे मिटून उभी. खालचा घुमारा खरंच उतरला. अंगावर काटा आला. म्हटलं, ऐका, किती शांत! डोळे उघडले तर सगळे कानांवर हात दाबून उभे. जाळीवाला काहीतरी बोलला. तोही पुटपुटायला लागलाय.

१७ एप्रिल
साहेबांनी आलेख दाखवला. वरच्या पट्टीत नुसती किंचाळी. म्हटलं, मायक्रोफोन बिघडलेत. सगळेच? म्हणाले. सगळेच, म्हटलं. त्यांनी माझ्यासाठी पाणी मागवलं.

२४ एप्रिल
नवऱ्यानं हाताला धरून कानाच्या डॉक्टरकडे नेलं. वरच्या पट्टीतलं मला ऐकू येत नाही म्हणे, बऱ्याच वर्षांपासून. जिथे माझं मॉडेल बहिरं, साधारण तिथेच मीही.
परतताना नवरा काहीतरी सांगायला लागला आणि मध्येच थांबला. मी वर पाहिलं. विमान नव्हतं.

३० एप्रिल
शेवटचा दिवस. निरवानिरव अशी:
खुर्ची जाळीवाल्याला. पाठ दुखते त्याची, आणि आता बसणार तोच.
दातेरी नळकांडं साहेबांना. पेनं छान राहतील.
जुनी बेल लेकीकडे आहे, ती तिनंच ठेवावी. नवी चांगली आहे.
सहा डेसिबल कुणालाच नकोत, पुसून टाकावेत.
कानाचं यंत्र माझं. नवऱ्याकडे अर्धवट राहिलेली वाक्यंही माझीच, ती मला मिळावीत. यंत्र लावून समोर बसले. म्हटलं, बोल, काय सांगत होतास इतकी वर्षं?
स्वच्छ ऐकू आलं. म्हणाला, आता आठवत नाही.