पेजेत दोनदा मीठ

उपवासकाळाचा तिसरा शुक्रवार, के. आर. पुरम

आज देवळात क्रुसाच्या वाटेची प्रार्थना झाल्यावर सगळ्यांना द्यायची पेज माझ्याकडे होती. बेळगावाहून लेकाकडे येऊन वर्ष झालं, पण देवळात कुणी काम सांगितलं ते पहिल्यांदाच. सकाळपासून जीव थाऱ्यावर नव्हता. उपासाला रांधणारीने चव बघायची नाही, मीठ अंदाजाने घालायचं. मी घातलं आणि प्रार्थनेला बसले. मागून माझ्या मदतीला असलेली फिलोमिनाअक्का आली, तिनेही न चाखता घातलं. मला काय ठाऊक?

पहिला घोट घेतला आणि वाटलं, संपलं, आता मला कोण बोलावतंय. एवढं मीठ, बाई. नात स्टेफी टकामका माझ्याकडेच बघत होती. केस बांध म्हणून सांगितलं होतं, तशीच मोकळे सोडून आली होती, ते असो.

फिलोमिनाअक्का आपणहून म्हणाली, "अज्जी, मीपण घातलं की हो. स्वल्प गरम पाणी ओतू." स्वल्प कसलं, दोन पातेली ओतली. पेज एवढी वाढली की गेटवरचा वॉचमन, झाडणाऱ्या बायका, सगळे बसले जेवायला. एक म्हातारे म्हणाले, "दर शुक्रवारी असंच खारट करा, सगळ्यांना पुरतंय." काय हसलो आम्ही, उपासाच्या दिवशी. आणि स्टेफी वाढता वाढता सगळ्यांना कन्नडात सांगत होती, ही माझी अज्जी.

पुढच्या शुक्रवारीही पेज माझ्याकडेच दिलीय. मीठ फिलोमिनाअक्का घालणार, मी नुसती ढवळणार. देवा, तुझे उपकार.