मधलं उत्तर

१४ डिसें. ८८, बुध.
गिंडी, मद्रास. ऑफिसात चार कॉम्प्युटर, त्यांना जोडणारी एक केबल. कामाचे तुकडे चौघांवर पसरले की काम लवकर उरकतं, पण तुकड्यांच्या आपसातल्या निरोपांनी केबल तुंबते. सगळे एकावर ठेवले तर केबल मोकळी, काम रेंगाळतं. माझा प्रोग्राम ही दोनच टोकं देतो. सर म्हणाले, "मधलं काही नाही? पुढच्या शुक्रवारी गिऱ्हाईक येतंय. नाहीतर मी हातानं केलेली वाटणीच दाखवू."
वर्षभराचं काम. चेहरा नेहमीसारखा ठेवला.

१७, शनि.
वेळ आणि केबलचा भार, दोन्ही उद्दिष्टांना वजनं देते, बेरीज करते, सर्वांत कमी ती निवडते. वजन केसभर सरकवलं की उत्तर थेट दुसऱ्या टोकाला. मधली वाटणी असते. सरांचीच आहे की. प्रोग्रामला दिसत नाही.

१८, रवि.
मैलापूर. डिसेंबरचा गाण्याचा सीझन सुरू. आत्याला गाणं हवं, अप्पांना झोप. दरवर्षीचं भांडण. आत्या अप्पांना: "अय्यो अण्णा, तोलत काय बसतोस? घरी कधी परतायचं एवढं सांग. त्याच्या आत सर्वांत चांगलं गाणं कुठं, ते मी बघते."
"नऊ."
"साडेनऊ म्हण, मुख्य राग पुरा होईल."
"...सव्वानऊ."
गाण्याच्या सभेच्या कँटीनमध्ये वडा हातातच राहिला. तोलायचंच नाही! एकाला हद्द घालायची, तिच्या आत दुसऱ्याचं उत्तम शोधायचं. मग हद्द सरकवायची.
आत्या: "खा की ग. त्याच्याकडे बघून पोट भरणार आहे का?"

१९, सोम.
केबलला हद्द घातली. मधलं उत्तर आलं. हद्द सरकवली, आणखी एक. आलेखावर सगळे ठिपके दोन टोकांना जोडणाऱ्या रेषेच्या वर; बेरजेत नेहमी एखादं टोकच कमी भरणार. म्हणूनच बेरजेला सापडत नव्हते. सरांच्या वाटणीशेजारी एक ठिपका, दोन्ही बाजूंनी तिच्याहून सरस.
बसमध्ये उभ्यानं हसत होते बहुतेक. एका बाईंनी सरकून जागा दिली.

२३, शुक्र.
गिऱ्हाईक आलेखावर वाकून: "यातलं उत्तम कुठलं?"
"ते प्रोग्राम नाही सांगत. केबल किती अडलेली चालेल, ते तुम्ही सांगा."
सरांनी माझ्याकडे पाहिलं. गिऱ्हाईक हसले, कागद घडी करून खिशात. "आमच्यात भांडून सोमवारी सांगतो."
जिन्यात सर: "एकच उत्तर दिलं असतंस तर आज सही झाली असती."
"हो, सर."
चार पायऱ्या उतरले. मग, "माझ्या वाटणीशेजारचा तो ठिपका. पुन्हा दाखव बघू."
दाखवला. दोनदा.
सही नाही अजून. घरी आले तर गाण्याला जायला अप्पा चपला घालून दारात, आत्या गजरा माळतेय. परतायची वेळ ठरलेली नाही.