प्रश्न सातवा

३ फेब्रुवारी
पीएच.डी.चा सर्व्हे सुरू. विषय : ‘आपला देश जगावेगळा’ ही लोकांची समजूत. देशप्रेम वेगळं मोजायचं, समजूत वेगळी, असं गाइड मॅडम म्हणतात. मुख्य प्रश्न सातवा : ‘जगानं आपल्याकडून शिकावं, आपल्याला कुणाकडून काही शिकायची गरज नाही.’ अजिबात न पटल्यास एक, पूर्ण पटल्यास पाच मार्क. संशोधक निर्भय हवा. मी आहेच.

४ फेब्रुवारी
तळेगाव ढमढेरे. चाळीस फॉर्म. सातव्याला सगळ्यांचे पाच. एकानं हसत विचारलं, असले प्रश्न कोण पाठवतं तुम्हाला? मीही हसलो. दोन फॉर्म वाऱ्यानं उडाले, ते आणायला गेलो नाही.

५ फेब्रुवारी
साहेबराव म्हणून कांदा पिकवणारे शेतकरी. फॉर्म भरून दिला, माझं नाव, कॉलेज, फोन नंबर विचारला आणि माझा फोटो काढला! कशाला? तर, ग्रुपवर टाकतो. कुठला ग्रुप ते विचारलं नाही. जीपमध्ये पाय थरथरत होते. जीप जुनी आहे.

७ फेब्रुवारी
अनोळखी नंबरवरून सहा फोन. उचलले नाहीत. तत्त्व आहे. प्रश्नावलीतून सातवा प्रश्न काढला. फार लांब वाटत होता. बायकोला, स्वप्नालीला म्हणालो, तुझाही फोन बंद ठेव. तिनं विचारलं, मी काय केलंय?

८ फेब्रुवारी, सकाळी ६
भरलेले सगळे फॉर्म न्हाणीतल्या बंबात घातले. लोकांची माहिती गुप्त ठेवणं ही संशोधकाची जबाबदारी. पाणी छान तापलं.

१० फेब्रुवारी
कॉलेजचा शिपाई म्हणाला, साहेबराव चार माणसं घेऊन आलेत, तुम्हालाच शोधतायत. मी लायब्ररीच्या मागच्या खिडकीतून फील्डवर्कला निघालो. उंचीचा अंदाज चुकला. घोटा गेला.
साहेबरावांनीच उचलून पिकअपमध्ये घातलं, दवाखान्यात नेलं. प्लास्टर झाल्यावर म्हणाले, “सर, फोन का उचलंना? त्या सातव्याला म्या एकच मार्क दिलाय. हॉलंडवाले कांदा म्हैनोन् म्हैने टिकवत्यात, आमचा कांदाचाळीत सडतो. मग शिकायचं न्हाई म्हंजी काय? ग्रुपवर टाकलं, तवा ह्या चौघांलाबी लिवायचंय.”
चौघांना म्हणालो, नंतर बघू.

१२ फेब्रुवारी
मॅडमचा फोन. सगळेच पाच देत असतील तर अभ्यास कसला? एक मार्क देणारा माणूस शोधा, त्याच्यावर अख्खं प्रकरण उभं राहील. सापडला का? म्हणालो, शोधतोय. सातवा प्रश्न परत घातला.

१३ फेब्रुवारी
साहेबराव घरी आले, एकटेच. तब्येत विचारली. मी नवा फॉर्म पुढे केला. जुना कुठाय, म्हणाले. मी काही बोलायच्या आत स्वप्नालीनं सांगून टाकलं, जाळला.
साहेबरावांनी हातातला फॉर्म खाली ठेवला. मग हळूच विचारलं, “कुणाला भ्यालात, सर?”
म्हणालो, छे, कुणाला नाही.
“तुमच्यासारखा शिकलेला मानूस कागद जाळतोय, म्हंजी कायतरी आसंल.” फॉर्म भरायला घेतला. सातव्यापाशी पेन थांबलं. दाराकडं बघितलं. पाच मार्क दिले. नावाची जागा कोरी ठेवली आणि म्हणाले, त्यो फोटोबी काढून टाकतो.
चहा न घेताच गेले.
माझा निष्कर्ष आता एकदम स्वच्छ : शंभर टक्के.